मार्थोर्पच्या मठाची वही

१

बुधवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी मिस एडिथ गार्म्स्टन यांनी भिंतीतल्या कोनाड्याचं झाकण उघडलं. आत काहीच नव्हतं.

कोनाडा साडेसातशे वर्षांपूर्वीचा होता. झाकण गेल्या महिन्यातलं. शेजारच्या शेतावर कामाला असलेल्या नेल्लो बार्तोच्चीनी या इटालियन युद्धकैद्याने ते खोक्याच्या फळ्यांतून बनवून दिलं होतं. आत हिरव्या कापडी पुठ्ठ्याची एक वही असायला हवी होती. तिच्या दोनशे चाळीस पानांत मार्थोर्पच्या मठाचा इतिहास होता. काम तीस वर्षांचं.

मठाचं आता दोनच गोष्टींपुरतं अस्तित्व होतं: एक दगडी वेस आणि चर्चची एकटी उभी राहिलेली पश्चिमेची भिंत. तीन वर्षांपूर्वी, १९४० साली, हवाई दलाने गावची शेतं ताब्यात घेतली, धावपट्ट्या ओतल्या, आणि मठ कुंपणाच्या आत गेला. मिस गार्म्स्टन यांनी गावच्या शाळेत एक्केचाळीस वर्षं शिकवलं होतं. त्यांना नाही म्हणायचं धैर्य तळप्रमुखांना झालं नाही. सोमवार आणि बुधवार, दोन ते चार, असा पास मिळाला. अट अशी की तळावर काढलेला कोणताही नकाशा कुंपणाबाहेर जायचा नाही. त्यामुळे वही कोनाड्यातच मुक्कामाला असायची.

वेशीच्या कमानीखाली ‘एल’ नावाच्या बॉम्बर विमानाचे मेकॅनिक चहा करत. त्यांचा मुकादम कॉर्पोरल ब्ल्यूइट कमानीत बसून पान्हे पुसत होता.

“ब्ल्यूइट, चुलीत घातलीस का रे माझी वही?”

“बाई, तुमच्या वहीच्या आधी मी माझी पँट जाळीन.”

एरवी या वाक्यानंतर तो हसला असता. आज त्याने मान वर केली नाही. मिस गार्म्स्टन यांनी कमानीबाहेर पाहिलं. ‘एल’ उभं राहायचं ती काँक्रीटची गोल जागा रिकामी होती. तेलाचे चार डाग तेवढे होते.

मंगळवारी रात्री गेलेल्या सोळा विमानांपैकी पंधरा परत आली होती. तळावर ही गोष्ट कुणी बोलून दाखवत नसे. मिस गार्म्स्टन यांनीही पुढे काही विचारलं नाही. वही हरवल्याची तक्रार त्यांनी फाटकावर लिहून दिली आणि चारच्या ठोक्याला त्या घरी गेल्या.

सहा वाजेपर्यंत सुरक्षा अधिकारी फ्लाइट लेफ्टनंट क्रूम याने सगळा तळ पालथा घातला. वही मिळाली नाही. पण गवताच्या गाडीवर टांगलेल्या नेल्लोच्या कोटात घडी घातलेला एक कागद मिळाला, आणि गाडीत टोकं काढलेल्या चव्वेचाळीस लाकडी खुंट्या.

कागदावर तळाचा नकाशा होता.

२

“शत्रूचा सैनिक, विमानतळाचा नकाशा आणि जमिनीवर खुणा करायच्या खुंट्या,” क्रूम म्हणाला. “आणखी काय हवंय? वहीही त्यानेच नेली. शुक्रवारी बारा वाजता लष्करी पोलीस येऊन त्याला घेऊन जातील. लष्करी न्यायालय पुढचं बघेल. हेरगिरीला काय शिक्षा असते, ते वेगळं सांगायला नको.”

तळप्रमुखांनी कागद उचलून टेबलापलीकडे बसलेल्या बाईसमोर ठेवला.

सेक्शन ऑफिसर हेस्टर लॅडब्रुक. वय चौतीस. मोहिमेवरून परतलेल्या विमानांतल्या माणसांची जबानी घेणं हे तिचं काम. थकलेली, भेदरलेली, कधी खोटं बोलणारी, कधी स्वतःलाच फसवणारी माणसं रोज तिच्यासमोर बसत. तिचं पहिलं वाक्य ठरलेलं असे: काय झालं ते सांगू नका, काय दिसलं ते सांगा.

“हा बॉम्ब टाकायचा नकाशा आहे की नाही, एवढंच सांग,” तळप्रमुख म्हणाले. “शुक्रवारी बारापर्यंत.”

गुरुवारी सकाळी ती फाटकाजवळच्या कोठडीत गेली. नेल्लो बाकावर ताठ बसला होता. तपकिरी कैदीवेष, पाठीवर रंगीत गोल ठिगळ. युद्धापूर्वी तो इटलीतल्या गुब्बियोत पाथरवट होता.

“कागद कुणी दिला?”

“कुणी नाही.”

“तू काढलास?”

“नाही. माझा हात वाईट. दगडावर चांगला, कागदावर गाढव.”

“मग खुंट्या कशासाठी?”

“शनिवारसाठी.”

“शनिवारी काय आहे?”

नेल्लोने तोंड मिटलं.

“नेल्लो, बोलला नाहीस तर उद्या तुला नेतील. परत कधी सोडतील, सोडतील की नाही, मला माहीत नाही.”

“माहीत आहे, सिन्योरीना.”

“कुणाला वाचवतोयस?”

त्याने खिडकीकडे पाहिलं. खिडकीतून ‘एल’ची रिकामी जागा दिसत होती. पण हेस्टरला त्या वेळी ती दिसली नाही, कारण ती त्याच्या चेहऱ्याकडे पाहत होती.

३

वही नाहीशी झाली तर फायदा एकाच माणसाचा होता. हॅरल्ड स्पर हा रस्ते बांधणाऱ्या कंत्राटदाराचा मुकादम. विमानं धावपट्टीकडे नेणाऱ्या नव्या रस्त्याला त्याला भरावासाठी दगड हवा होता आणि चर्चची भिंत दोनशे यार्डांवर उभी होती. भिंतीखाली साधूंच्या कबरी आहेत, हे मिस गार्म्स्टन यांनी वहीत पुराव्यानिशी लिहिल्यामुळे ती अजून उभी होती.

“वही मी कशाला चोरू?” स्पर म्हणाला. “म्हातारीला सगळी वही तोंडपाठ आहे. चोरायची तर तिलाच चोरावी लागेल, आणि तिला घरी सांभाळणार कोण?”

“तुम्ही वही पाहिली होती?”

“तिनेच दाखवली होती. दोन तास. एक शब्द चुकीचा ऐकला तर छडी काढेल असं वाटत होतं.”

हेस्टरने कागद पुढे केला. “हा नकाशा वहीतलाच आहे?”

स्परने चष्मा लावला. वेस ओळखली, भिंत ओळखली. मग त्याचं बोट एका चौकोनावर थांबलं.

“हे नव्हतं.”

“काय नव्हतं?”

“हा चौक. साधू ज्याच्याभोवती फिरायचे तो. तिच्या नकाशात तो चर्चच्या दक्षिणेला होता, तोही ठिपक्याठिपक्यांनी, म्हणजे अंदाजाने. सगळ्या मठांत दक्षिणेलाच असतो म्हणाली, ऊन मिळावं म्हणून. तीस वर्षं खणतेय तिथे, खडासुद्धा लागला नाही. इथे तर उत्तरेला काढलाय. पक्क्या रेघेत.”

“कुणीतरी चुकून उलटा काढला असेल.”

स्परने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“मॅडम, हे क्रूमला सांगणार नसाल तर बोलतो.”

“बोला.”

“मार्चमध्ये मी तिथे, उत्तरेला, गटारासाठी चर मारला. दीड फुटावर भिंत लागली. घडीव दगडाची. सांगितलं असतं तर काम तीन महिने अडलं असतं. म्हणून बुजवून टाकला. वर आता गवत आहे. मी आणि माझी दोन माणसं सोडून हे कुणालाच ठाऊक नाही, आणि ती दोघं एप्रिलमध्येच दुसऱ्या कामावर गेली.”

“ती भिंत या कागदावर आहे?”

“आहे. नेमकी जागेवर. आणि मी पाहिलेल्या सहा फुटांपुरती नाही, अख्खी आहे, चारी बाजू.” त्याने कागद असा परत केला की जणू तो गरम होता. “जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाला हे दिसणं शक्य नाही.”

४

जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाला. हेस्टर ते वाक्य मनात घोळवत ऑफिसात परतली.

जुलैत सव्वीस दिवस पाऊस नव्हता. गवत कापलेलं होतं. जिथे खाली दगड असेल तिथे मातीचा थर पातळ, तिथलं गवत आधी पिवळं पडणार. शेजारी उभं राहून पाहिलं तर नुसतं वाळलेलं गवत दिसेल. हजार-पंधराशे फुटांवरून पाहिलं तर भिंती दिसतील.

कागदाच्या कोपऱ्यात एका वर्तुळात फुली होती आणि तिच्याजवळ दोन आकडे: 1138 आणि 1500. क्रूमच्या मते ही सांकेतिक भाषा होती. हेस्टरपुढे रोज असे आकडे येत. विमानातला दिशादर्शक अधिकारी आपली जागा पक्की झाली की वर्तुळात फुली मारतो, वेळ लिहितो, उंची लिहितो. नकाशा शत्रूचा असो, साधूंचा असो की आईच्या परसबागेचा, हात सवयीने तेच करतो.

अकरा अडतीस. पंधराशे फूट.

तिने चाचणी उड्डाणांची नोंदवही मागवली. सोमवारी त्या वेळेला हवेत कुणी नव्हतं. मंगळवारी एकच विमान होतं: ‘एल’. त्याचा दिशादर्शक सार्जंट कॉलिन रेथ, वय बावीस.

शुक्रवारी सकाळी नऊला ती पुन्हा कोठडीत आली. या वेळी ती नेल्लोच्या शेजारी बसली आणि खिडकीतून त्याला जे दिसत होतं तेच तिने पाहिलं.

“कॉलिन रेथ,” ती म्हणाली.

नेल्लोने डोळे मिटले.

“तो मेला, सिन्योरीना. मेलेल्या पोरावर मी कसं ढकलू? त्याने नियम मोडले. कैद्याशी बोलला, नकाशा दिला. त्याच्या आईला पत्र जाईल, तुमचा मुलगा वाईट होता. मी जिवंत आहे. माझ्याबद्दल काय लिहायचं ते लिहा.”

“आणि शनिवार?”

“बाईंचा वाढदिवस. सत्तर. कॉलिन म्हणाला, त्या तीस वर्षं चौक शोधतात, मला वरून एका मिनिटात दिसला. आपण खुंट्या ठोकू, सुतळी बांधू, बाईंना आत चालायला लावू. मी पाथरवट, मला कोपरा बरोबर धरता येतो. म्हणून कागद मला दिला.”

“आणि वही?”

“ती मंगळवारी दुपारी त्याने नेली. शाईने चौक काढून बुधवारी दोनच्या आत ठेवणार होता.” त्याने हात पसरले. “बुधवारी तो कुठे होता?”

हेस्टर थेट क्रूमकडे गेली. साडेदहा वाजले होते.

“गोष्ट छान आहे,” क्रूम म्हणाला. “पण सांगायला कॉलिन रेथ नाही आणि दाखवायला वही नाही. रेथचं लॉकर मी स्वतः पाहिलं. रिकामं होतं.”

“किती वाजता?”

“बुधवारी पाच वाजता.”

“सर, ते मंगळवारी रात्री तर भरलेलं असणार. रिकामं कुणी केलं?”

क्रूम खुर्चीतून उठला. त्याला माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं.

५

कोळशाच्या ढिगामागे एक पत्र्याची झोपडी होती. तळावरचं कुणीही तिकडे पाय वळवत नसे. तिथे फ्लाइंग ऑफिसर टॅन्स्ली बसत. वय त्रेपन्न, युद्धापूर्वी टोप्यांचं दुकान. विमान परत आलं नाही की सकाळी सातच्या आत ते पेटी घेऊन जात, गेलेल्यांची लॉकर रिकामी करत, घरी पाठवायचं वेगळं काढत. संध्याकाळपर्यंत त्या खाटांवर नवी माणसं यायची. मेसमध्ये टॅन्स्लींच्या टेबलावर दुसरं कुणी बसत नसे. विमानातली पोरं ते दिसले की रस्ता बदलत. मेकॅनिक त्यांना पेटीवाले म्हणत, तेही हळू आवाजात.

क्रूमने तळावरची एकूण एक खोली तपासली होती, स्वयंपाकघरातली पिठाची पिंपंसुद्धा. या झोपडीत तो गेला नव्हता. आपण गेलो नाही, हे त्याच्या लक्षातही आलं नव्हतं.

“टॅन्स्ली नकाशांचं काय करतात?” हेस्टरने चालता चालता विचारलं.

“तळाचं चित्र असलेलं काहीही घरी पाठवायचं नाही, असा माझा हुकूम आहे.” क्रूमचा आवाज खाली आला. “जाळायचं. दर शुक्रवारी अकराला.”

अकराला सात मिनिटं होती. कोळशाच्या ढिगावरून त्यांना धूर दिसला.

६

झोपडीसमोर भोकं पाडलेलं पिंप धुमसत होतं. बाही दुमडलेले टॅन्स्ली काठीने आतले कागद हलवत होते. दोघांना येताना पाहून ते एक पाऊल मागे सरकले. कुणी आपल्याकडे येतंय, याची त्यांना सवय नव्हती.

“हिरवी वही,” हेस्टर म्हणाली. “रेथच्या लॉकरमधली.”

टॅन्स्लींनी पिंपाकडे पाहिलं, क्रूमकडे पाहिलं, आणि काठी खाली ठेवली.

“मला कबूल करायला हवं. हुकूम मोडला मी.”

ते आत गेले. टेबलावर चहाच्या कपाशेजारी हिरवी वही होती. एकशे एकतिसाव्या पानात बसचं जुनं तिकीट खुणेला घातलेलं.

“बुधवारी पहिलं पान वाचलं, जाळण्याआधी खात्री करावी म्हणून,” ते म्हणाले. “मग थांबता येईना. बावीस वर्षांचा पोरगा आणि केवढं काम. साधू पावसात छपरावर शिसं ओततात ते पान तर मी दोनदा वाचलं. ही जाळायची? त्याच्या आईला पाठवणार होतो. पकडलं असतं तर पकडलं असतं.”

“ही रेथने लिहिलेली नाही. मिस गार्म्स्टन यांची आहे. बुधवारपासून सगळा तळ हिला शोधतोय.”

टॅन्स्ली गोंधळले. “पण नाव कुठेच नाही. गावाचंही नाही. जिथे गावाचं नाव हवं तिथे नुसती रेघ आहे.”

हेस्टरने क्रूमकडे पाहिलं. क्रूमने टोपी काढून हातात घेतली होती.

“तोही माझाच हुकूम,” तो म्हणाला. “वहीत नाव नको, गाव नको. सुरक्षेसाठी.”

“आणि वही हरवल्याचं तुमच्या कानावर आलं नाही?” हेस्टरने टॅन्स्लींना विचारलं.

“मला कुणी सांगितलं नाही,” टॅन्स्ली म्हणाले. तक्रारीचा सूर नव्हता. “मला कुणी काहीच सांगत नाही.”

शेवटच्या पानावर ताज्या काळ्या शाईत नकाशा होता. चर्चच्या उत्तरेला पक्का चौकोन. कोपऱ्यात वर्तुळातली फुली, 1138, 1500. हेस्टरने नेल्लोच्या कोटातला कागद शेजारी ठेवला. अक्षर एक, फुली एक, चौकोन एक. कागदात धावपट्टीच्या दिव्यांबद्दल, दारूगोळ्याबद्दल, पेट्रोलच्या टाक्यांबद्दल चकार शब्द नव्हता. ज्या चौकात साडेतीनशे साधूंनी आळीपाळीने चारशे वर्षं फेऱ्या मारल्या, तेवढाच होता.

क्रूम माणूस कोरडा होता, पण खोटा नव्हता. बाराला दहा कमी असताना त्याने स्वतः फोन करून लष्करी पोलिसांना परत फिरवलं आणि कोठडीची किल्ली स्वतः फिरवली.

“कोट घे तुझा,” तो नेल्लोला म्हणाला. “आणि त्या चव्वेचाळीस खुंट्यासुद्धा. मोजून घे.”

“चव्वेचाळीस पुरत नाहीत, कप्तान. कोपऱ्यांना आणखी चार लागतील.”

“स्परकडून घे. त्याला म्हणावं, मार्चमधल्या गटाराबद्दल मला काहीही ठाऊक नाही.”

हेस्टरने चमकून पाहिलं. स्परला दिलेला शब्द तिने पाळला होता.

“लॅडब्रुक, बुजवलेला चर ओळखता येत नसेल तर मी सुरक्षा अधिकारी कसला?” क्रूम म्हणाला.

फोन दुपारी तीनला आला. ग्रिम्सबीच्या बंदरातून. किनाऱ्यापासून चाळीस मैलांवर एका मासेमारी बोटीला रबरी होडी सापडली होती. विमानातल्या सातांपैकी पाच जिवंत. दिशादर्शकाच्या पायाचं हाड मोडलं होतं आणि तोंडाची टकळी चालू होती. त्याचा निरोप ऑपरेटरने जसाच्या तसा उतरवून घेतला: वही लॉकरमध्ये आहे, खालच्या कप्प्यात, बुधवारी दोनच्या आत कोनाड्यात ठेवा, नाहीतर बाई मला कोपऱ्यात उभं करतील.

तळप्रमुखांनी निरोप दोनदा वाचला.

शनिवारी दोन वाजता मिस गार्म्स्टन यांना खास पासवर आत घेतलं. गवतात अठ्ठेचाळीस खुंट्या होत्या, त्यांना पांढरी सुतळी. नेल्लोने प्रत्येक कोपरा तीनदा तपासला होता. उत्तरेला, चौकाला लागून, ओढा वाहत होता.

मिस गार्म्स्टन यांनी आधी ओढ्याकडे पाहिलं.

“पाणी,” त्या म्हणाल्या. “त्यांना पाणी हवं होतं, आणि मी त्यांना तीस वर्षं ऊन देत बसले.” मग ब्ल्यूइटकडे वळून, “हसू नकोस. तूही सातचा पाढा विसरणाऱ्यांतलाच दिसतोस.”

“बाई, मी पाचातच विसरतो.”

त्या सुतळीच्या आत गेल्या आणि चौकाभोवती सावकाश एक पूर्ण फेरी मारून आल्या. नेल्लो दोन पावलं मागून चालत होता. चौथ्या कोपऱ्यावर त्यांनी त्याचा हात धरला, आणि पुढे तो सोडला नाही.

चहाला बिनअंड्याचा गाजराचा केक होता. टॅन्स्लींना हेस्टरने बोलावलं होतं, पण ते आले नव्हते. ब्ल्यूइट उठला, एका बशीत केकचा तुकडा घेतला आणि त्यांना शोधायला गेला.

ते ‘एल’च्या माणसांच्या बराकीत होते. पाच पेट्या त्यांनी तिथवर वाहून आणल्या होत्या. उरलेल्या दोन कोळशाच्या ढिगामागेच राहिल्या. ‘एल’च्या जागी नवी माणसं अजून आली नव्हती. रेथचं लॉकर उघडं होतं आणि टॅन्स्ली हातात पत्र्याचा मग घेऊन त्याच्यासमोर उभे होते. दीड वर्षात त्यांनी एकशे ऐंशीच्या वर लॉकर रिकामी केली होती. भरलं एकही नव्हतं.

“कॉर्पोरल,” ते म्हणाले, “हा कुठे असायचा?”

ब्ल्यूइटने बशी खाटेवर ठेवली.

“वरच्या खिळ्याला, सर. कान बाहेरच्या बाजूला.”